साताऱ्यात मोटार का बनत नाही?

"काका, एवढी एमआयडीसी आहे, मग आपल्याकडं मोटारीचा कारखाना का नाही?" लग्नाची पंगत असो, गावची यात्रा असो, हा प्रश्न मला ठरलेला. माझं छोटं मशीन शॉप आहे आणि आमचे ब्रॅकेट चाकणला जातात, म्हणून मला विचारतात. विचारणाऱ्याजवळ उत्तर तयारच असतं: पुढारी. पुढाऱ्यांची वकिली मी करणार नाही, पण आधी पुण्याच्या वाटेवरच्या घाटात उभं राहून एक गोष्ट बघा.

माझ्या दारात आयशर लागतो. ब्रॅकेटनं भरलेले बिन, म्हणजे पेट्या, चढायला लागले की टायर दबतात, हौद अर्धा रिकामा असतानाच ड्रायव्हर म्हणतो, "बास, वजन झालं." आणि मोटारी नेणारा ट्रेलर? दोन मजली, लांबच लांब, वळणावर सगळा रस्ता अडवणारा, आणि आत गाड्या जेमतेम सात-आठ. तयार मोटार म्हणजे पत्र्यात गुंडाळलेली हवा. भाडं भरायचं ते हवेचं. म्हणून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लांबून आणलेलं परवडतं, पण मोटार जुळवायची ती गिऱ्हाइकाजवळ, नाहीतर बंदराजवळ. ह्युंदाई चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गेली, तिथून बंदर फार लांब नाही.

हिंदुस्थान मोटर्सचंच बघा. 1942 साली सुरुवात गुजरातेत ओखा बंदरात. पुढं 1948 मध्ये बस्तान हललं बंगालात, उत्तरपाड्याला. कोलकात्याची बाजारपेठ शेजारी, कोळसा-लोखंडाचा मुलूख मागं. त्या काळी जागा चोख होती. पण नंतर सुट्या भागांचे कारखाने गोळा झाले ते पुणे, गुडगाव आणि चेन्नईभोवती. 2014 मध्ये उत्तरपाड्याचं काम थांबलं. नुसत्या भूगोलानं मारलं असं म्हणत नाही. अ‍ॅम्बेसेडरचं तेच मॉडेल किती वर्षं दामटायचं, यालाही काही सीमा असते! ऑस्ट्रेलियात तर फोर्ड, टोयोटा आणि होल्डन तिघांनीही 2016-17 मध्ये तिथलं उत्पादन बंद केलं. घरचं गिऱ्हाईक थोडं, मजुरी महाग आणि बाहेर विकायचं तर चहूबाजूंनी समुद्र.

"मग प्रिया स्कूटर कशी बनत होती साताऱ्यात?" जुनी माणसं इथं मला बरोबर पकडतात. बनत होती. बजाज आणि सरकारी विकास महामंडळ यांनी मिळून 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स काढली, ती साताऱ्यातच. पण तेव्हा स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. कारखाना घाटाच्या अलीकडं की पलीकडं, याची कुणाला पडली होती? लायसन्सचा जमाना सरला, नंबर लावणं संपलं, आणि मग घाट दिसायला लागला.

घाट म्हणजे खंबाटकी. पुण्याकडं जाताना बोगदा लागतो, आणि बोगदा संपला की ते एस वळण. चार वर्षांमागं पावसाळ्यात पुढं कंटेनर कलंडला आणि आमची गाडी तिथं तीन तास अडकली. तिकडं कंपनीत साठा ठेवत नाहीत. दोन तासांचा माल आणि पुढची गाडी दारात, असा हिशेब. लाइन थांबली. आठ दिवसांनी डेबिट नोट आली, म्हणजे नुकसान आमच्या बिलातनं कापलं, त्या महिन्याचा नफा गेला. फोनवर मी घाटाचं नाव सांगितलं, तर पर्चेसचा पोरगा म्हणाला, "घाट तुमचा आहे, सर." चुकीचं काय बोलला?

आता नवे कारखाने कुठं आलेत बघा: शिरवळ, खंडाळा. जिल्हा साताराच, पण घाटाच्या पुण्याकडच्या अंगाला.

तरी रडगाणं गायचं नाही मला. आमचं कास्टिंग येतं शिरोलीहून, कोल्हापूरच्या फाउंड्रीतनं. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुणेही तेवढंच. ओतकाम खाली, जुळणी वर, आणि टर्निंग, ड्रिलिंग करून बर, म्हणजे कडेचा खरखरीत धातू, काढायला आम्ही मधे. उद्या इथं मोटारीचा कारखाना आलाच, तर पहिल्यांदा माझेच ऑपरेटर पळवील, हेही तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

थांबा, फोन वाजतोय. ड्रायव्हर आहे.

"मालक, बोगदा पास झाला."

आता चहा घेऊ.