आपले उपास सुरू, माशांचे सुटले

घटस्थापना झाली आणि पाऊस एकदाचा उघडला. म्हणजे संध्याकाळी एखादी सर येतेच अजून गडगडाट करत, हत्तीचा पाऊस तो, जाता जाता भिजवणारच, पण दिवसभराची झड संपली. आज दुपारी चक्क ऊन टोचत होतं. घरात सगळे ऑक्टोबर हीटच्या नावाने बोंब मारायला लागलेत आणि मी मात्र खूश, कारण असं कडक ऊन असल्याशिवाय परसातल्या मधमाशांच्या पेट्या निवांत उघडून बघता येत नाहीत.

आमच्याकडे, म्हणजे वाईच्या वर धोमच्या अंगाला, येणाराजाणारा हमखास म्हणतो, काय हिरवंगार झालंय, तुमच्या माशांची तर चंगळ असेल! आता काय सांगणार. हिरवं म्हणजे पानं. माशीला पान काय कामाचं? जूनपासून पुढे फुलं आधीच कमी, जी असतात त्यातला मकरंद पावसाने पातळ होतो नाहीतर धुऊनच जातो, पराग भिजून लगदा आणि मुळात सलग आठ-आठ दिवस बाहेर पडायलाच मिळत नाही. राणी अंडी घालायचं कमी करते, माशा घटतात, साठवलेलं संपत येतं. युट्यूबवर परदेशातली मंडळी दाखवतात ना, शरद आला की पेट्या थंडीसाठी बांधून ठेवतात, मध मागे ठेवतात, उंदीर शिरू नये म्हणून दाराला जाळी लावतात. ते बघायला छान वाटतं पण ते कॅलेंडर आपल्याकडे उलटं चालतं. आपल्या माशांची उपासमार पावसाळ्यात होते, आणि शरद म्हणजे त्यांच्या वर्षाची सुरुवात.

त्यात माझ्याकडे सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी. सातेरी स्वाभिमानी जात, हाल झाले की अख्खी वसाहत राणीसकट उठून जाते, पेटीत रिकामी पोळी सोडून. म्हणून पावसाळाभर साखरेचा पाक द्यावा लागतो, साखर तेवढंच पाणी, तोही दिवस मावळल्यावर, भर दिवसा दिला तर एका पेटीच्या माशा दुसरीत लुटालूट करायला घुसतात. पितृपक्षात मी अशीच पाकाची वाटी घेऊन निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं कावळ्याला घास झाला, आता माशांनाही का?" मी म्हटलं, हो आई, यांना वाढणं तर आषाढापासून चालू आहे.

असो. आज पेटी उघडली. दारातच चारपाच जणी डोकं बाहेर, शेपूट आत करून पंख फडफडवत उभ्या, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलत होत्या. युरोपियन माशी बरोबर उलटी उभी राहते, तोंड आत करून, आणि आतली हवा बाहेर काढते. सातेरीची ही तऱ्हा बघताना मला दरवेळी मजा वाटते. आत कडेच्या फ्रेमला मेणकिड्याची, म्हणजे पोळ्याचं मेण खाणाऱ्या अळीची, जाळी होती, ती फ्रेम काढून टाकली, माशा कमी झाल्या की कडेची पोळी राखायला कोण उरतं. पण मधल्या पोळ्यावर बंद पिलावा, म्हणजे झाकण घातलेली पिल्लांची घरं, छान पसरलेला, आणि खालच्या बाजूला नरांची घरं, टोकदार झाकणाची, प्रत्येक झाकणाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक. ती दिसली की समजायचं पेटीत आता खायला येतंय, नर पोसायची चैन परवडतेय. लक्षही ठेवायचं, कारण पुढची पायरी म्हणजे वसाहत फुटून अर्ध्या माशा नवीन संसार थाटायला निघतात.

परत येणाऱ्यांच्या मागच्या पायांवर पिवळेधमक गोळे. ते बहुतेक तात्यांच्या कारळ्याचे. तात्या म्हणजे बांधापलीकडचे, वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, थोडं कारळं टाकतात चटणीपुरतं. त्यांना वाटायचं माशा फुलातलं "सत्त्व" नेतात. मग एकदा सांगितलं की कारळ्याचं फूल आपल्याच झाडाच्या परागाने सहसा धरत नाही, परक्या झाडाचा पराग लागतो आणि तो आणून देणार कोण? तेव्हापासून तात्या वालघेवड्यावर फवारायचं असलं की आदल्या दिवशी हाक मारून सांगतात आणि माशा घरी परतल्यावरच पंप पाठीला लावतात. गावभर असे तात्या असते तर!

गांधीलमाशा मात्र वाढल्यात. दारासमोर एक तरंगत राहते आणि येणारी दमलेली माशी हवेतच उचलते. दारावरच्या माशा तेव्हा सगळ्या मिळून अंग हलवतात, एक लाट सरसरत जाते पेटीवरून. फारच जवळ आली तर तिच्यावर झुंबड घालून तिला गोळ्यात कोंडतात आणि अंगाच्या उष्णतेने मारतात, डंख न मारता. मी काठी घेऊन धावते खरी पण त्यांना माझी गरज असते असं नाही.

आता मधाचं. दसऱ्याच्या आधीच फोन सुरू झालेत, दिवाळीच्या फराळाबरोबर द्यायला बाटल्या मिळतील का म्हणून. जवळच मांघर आहे, 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून या भागात मध म्हटलं की लोक जास्तच उत्साहात येतात. पण आत्ता पोळ्यात जे दिसतंय त्यात मी दिलेल्या साखरेचा वाटा किती आणि कारळ्या-सोनकीचा किती, हे कोण वेगळं करणार? तो मध म्हणून विकायचा म्हणजे स्वतःचीच साखर लोकांना परत विकायची. शिवाय हवेत अजून ओल आहे, पातळ मध काढला की आंबतो, नियमाप्रमाणे पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून आत्ताचं सगळं त्यांचंच.

तर यंदा दिवाळीत माझ्याकडून चिवडा मिळेल, मध नाही. जांभूळ फुलेल मार्च-एप्रिलात, मग मे महिन्यात फोन करा. आणि रिकामी बाटली घरून आणा, मागच्या वेळच्या नेलेल्या कुणीच परत दिलेल्या नाहीत.