वाळुंजावर बसलो ती दुपार

आषाढी करून आलो आणि श्रावणात पुन्हा पिशवी भरली, उत्तराखंडात शिखांच्या हेमकुंडला. घरी कुरकुर झाली. नामदेवरायांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे सोयरीक जुनीच, एवढं सांगून निघालो.

गोविंदघाट, घांगरिया मागे पडलं. पुढे सहा किलोमीटर नुसती चढण. भूर्जाची झाडं संपली, धुकं उतरलं, पायाखाली खेचरांची लीद. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायाला काही झालं नाही, आणि इथे उजव्या टाचेचा फोड फुटला. नामस्मरण बाजूला राहिलं, खेचरवाल्यांना मनात शिव्या चालू होत्या.

एका खेचराला वाट देताना डोंगराच्या अंगाला सरकलो आणि खडकावरच्या हिरव्या पसाऱ्यावर बसलो. शेवाळ वाटलं. हात टेकला तर खाली लाकूड! आमच्या दिंडीतले निवृत्त वनस्पतीचे मास्तर हसले, "माउली, झाडावर बसलात."

सॅलिक्स लिंडलेयाना. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचं भावंड, पण उंची बोटभर. खोड जमिनीला चिकटून सरपटतं, फांद्यांना मुळं फुटतात. वारा वरून जातो, हिवाळाभर बर्फाची गोधडी अंगावर. नर झाड वेगळं, मादी वेगळं. माझ्याखालची मादी असावी, तुऱ्यांतून कापूस निघत होता. कुणीतरी लगेच लव्हाळ्याचा अभंग धरला. मला राग आला. लव्हाळं वाकतं हो, हे मुळात उभंच राहत नाही!

तेवढ्यात एक पंजाबी म्हातारी थांबली. "पुत्तर, बूट लाह." लाजलो, पण काढला. तिनं पिशवीतून सुई काढली, काडीवर तापवली, शेजारच्या टपोऱ्या फोडातून दोरा ओवून तसाच ठेवला. अगदी आपल्या वारीतल्यासारखं. मग स्वतःचे कोरडे लोकरी मोजे माझ्या पायात चढवले. मी नको म्हणत होतो, ती ऐकत नव्हती. माझा चिखलाचा पाय तिच्या मांडीवर, आणि खाली ते झाड दोघांचं ओझं घेऊन. पाया पडायला वाकलो तर तिनंच हात जोडले, "वाहेगुरू."

वर सरोवर, लक्ष्मण मंदिर, खिचडी, चहा. दुपारनंतर वर थांबू देत नाहीत. उतरताना ती जागा शोधली. सगळे खडक सारखेच दिसत होते.

घांगरियात टोपी काढली, तर तिची सुई टोपीतच टोचलेली.