लॅम्पवर टास्मोटा टाकला, पण त्या 'कनेक्टिंग'ने जीव काढला

माझा वायफायवरचा स्मार्ट लॅम्प, नेट गेलं की त्याचं ॲप म्हणायचं डिव्हाइस ऑफलाइन. अरे दिवा टेबलावर, मी त्याच्यासमोर, तरी लावायचा तर कुठल्यातरी सर्व्हरला विचारून! म्हणून त्याचं फर्मवेअर (चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) काढून टास्मोटा टाकायचं ठरवलं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालणारं फुकटचं फर्मवेअर. आत ईएसपी८२६६ ही वायफाय चिप निघाली हे नशीब, कारण हल्ली बऱ्याच दिव्यांत बीके७२३१ चिप असते, तिच्यावर टास्मोटा चालत नाही, ओपनबेकन हे तसलंच दुसरं फर्मवेअर बघावं लागतं. त्यामुळे आधी चिपवरचं नाव वाचा, मग डाउनलोड.

लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी-सिरियल ॲडॉप्टरपासून चिपपर्यंत वायरी जोडणं सोपंय. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, आणि चिपची जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला टेकवून पॉवर दिली की चिप फ्लॅश मोडमध्ये जाते, म्हणजे नवं फर्मवेअर लिहून घ्यायला तयार होते. सगळे इथपर्यंत सांगतात आणि मग 'झालं, आता फ्लॅश करा' म्हणून मोकळे. माझ्याकडे ईएसपीटूल (चिपवर लिहिणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) नुसतं कनेक्टिंग आणि पुढे ठिपके, ठिपके, ठिपके. केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, सोल्डर परत केलं, बॉड रेट (डेटा पाठवायचा स्पीड) उतरवला, काही नाही. मधेच कनेक्ट व्हायचं, चिपचं नाव पण दाखवायचं, आणि लिहायला घेतलं की मान टाकायचं, याची तर जास्तच चीड यायची. शेवटी सिरियल मॉनिटर (चिप पाठवते ते मेसेज दाखवणारी विंडो) ७४८८० बॉडवर लावला (सुरुवातीचे मेसेज या विचित्र स्पीडने येतात, ११५२०० वर नुसता कचरा दिसतो) तर बूट मोड १ दिसला. म्हणजे फ्लॅश मोड बरोबर होता, ३ आला असता तर जीपीआयओ ० नीट टेकलं नाही असं समजायचं. मग उरली फक्त पॉवर. ॲडॉप्टरवर एफटी२३२ ही चिप, आणि तिच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून मिळतात जेमतेम ५० मिलिॲम्पियर! ईएसपी त्याहून बरंच जास्त ओढते. हे एका ओळीत कुणी लिहिलं असतं तर? वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावला, ग्राउंड कॉमन ठेवला, आणि पहिल्याच झटक्यात शंभर टक्के. ५ व्होल्ट थेट चिपला देऊ नका, जळेल.

हो, आणि लिहिण्याआधी ईएसपीटूलच्या रीड फ्लॅश कमांडने मूळ फर्मवेअरचा बॅकअप घ्या, नंतर तो कुठे मिळत नाही. लॅम्प थेट मेन्सवर चालणारा असेल तर वायरी लावलेल्या असताना प्लग अजिबात लावू नका, लॅपटॉप जाईल आणि तुम्हीही.

पुढचं पटकन झालं. जीपीआयओ ० सोडून रीस्टार्ट, टास्मोटाचं हॉटस्पॉट जोडलं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ उघडलं, घरचं वायफाय दिलं (२.४ गिगाहर्ट्झचंच, ५ वालं त्याला दिसत नाही). लाल म्हटलं की हिरवा लागत होता, ते टास्मोटाच्या सेटऑप्शन३७ या सेटिंगने रंगांचा क्रम बदलून सुटतं.