बंपरचा हिशोब

"दादा, स्वस्त पॉलिसी कुठली ते मोबाईल सांगेल. बंपर फुटल्यावर फोन कोण उचलतं, ते मला विचारा."

गॅरेजवाला हे माझ्याकडे न बघताच बोलला. हात ग्रीसमध्ये, डोकं बॉनेटखाली. मी मात्र हातात गाडीच्या विम्याची तीन कोटेशनं घेऊन उभा.

गाडी एका वर्षाने जुनी झाली, प्रीमियम मात्र वाढला. सर्वात स्वस्त कोटेशन बघून काल जाम खूश होतो. आज नीट वाचलं, तर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) इतरांपेक्षा 60 हजारांनी कमी धरलेली आणि झिरो डेप (पार्टची झीज न कापणारं कव्हर) गायब! म्हणजे गाडी चोरीला गेली तर हातात 60 हजार कमी. आणि बंपर फुटला तर प्लास्टिकच्या भागांचा निम्मा खर्च माझ्या खिशातून.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा, दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. खरा खेळ ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) तर कंपनी बदलली तरी आपल्यासोबत येतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के. हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं "बोनस जाईल" या भीतीने त्याच कंपनीला चिकटून बसलो होतो. (बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

मग गॅरेजवाल्यालाच विचारलं, "तुझ्या गाडीचा विमा कुठला?"

तो हसला. "माझी? फक्त थर्ड पार्टी."

तुम्ही रिन्यू करताना आधी काय बघता, प्रीमियमचा आकडा की कंपनीशी जोडलेल्या गॅरेजची यादी?