वढवाणा तलावाच्या पाळीवरून: बडोद्याहून एका सकाळची सोपी पायपीट

थंडीत पहाटे साडेपाचला बडोदं सोडलं की उजाडायला पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वढवाणा तलावावर पोहोचता येतं. कपुराई चोकडीवरून (चौकातून) डभोई रोड धरायचा. डभोईपर्यंत तीसेक किलोमीटर आणि तिथून पुढे आणखी दहा-पंधरा. चहा-नाश्ता आणि बाकीचं सगळं डभोईतच उरकून घ्या. शनिवार-रविवारी केवडियाला, म्हणजे स्टॅच्यू ऑफ युनिटीला, जाणाऱ्या गाड्यांची या रस्त्यावर रांग लागते, म्हणून जमल्यास मधला वार निवडा.

पाळ, म्हणजे तलावाचा बांध, मातीची आणि सपाट आहे. चढ जवळजवळ नाहीच, आजी-आजोबाही आरामात चालतील. तासभर पुढे जाऊन त्याच वाटेने परत फिरायचं. अख्खी पाळ पालथी घालायचा हट्ट नको. बूट मात्र जाड तळव्याचेच हवेत. वेड्या बाभळीचे काटे चप्पल सहज आरपार करतात, दुचाकीचा टायरसुद्धा सोडत नाहीत.

पक्षी किती जवळून दिसतील हे पाण्यावर ठरतं. बडोदे संस्थानाने १९१० मध्ये हा तलाव बांधला तो शेतीसाठी, आणि आजही त्याचं तेच काम आहे. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यातून कालव्याने पाणी येतं आणि रब्बीला सोडलं जातं. तलाव काठोकाठ भरलेला असला की बदकं पार मध्यावर बसतात. मग आठ-दहा पटींची दुर्बीणही अपुरी पडते, स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची जास्त ताकदीची दुर्बीण) लागतो. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला की तुतवार, शेकाटे, चमचे हे पाणपक्षी जवळ येतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेल्यापासून गर्दी वाढली आहे, पण बरेचजण निरीक्षण मनोऱ्यापाशीच थांबतात. तिथून थोडं पुढे गेलात की शांतता मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मोठी लालसरी, तलवार बदक, थापट्या ही बदकं आणि वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचे तर ताफेच्या ताफे. पण खरी मजा पट्टकादंबांची: पांढरं डोकं, मागे दोन काळे पट्टे. रात्री शेतात चरून हे हंस सकाळी पाण्यावर परततात, म्हणून उशीर केलात तर तो देखावा हुकतो. ते काठावर चरत असतील तर मानांवर लक्ष ठेवा. सगळ्या माना एकदम ताठ झाल्या की जागीच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत की अख्खा थवा उडालाच म्हणून समजा.

सूर्य समोर असताना बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात, ओळख पटत नाही. ऊन पाठीवर येईल असं वळण गाठून मगच दुर्बीण लावा. धुकं असेल तर आठ-साडेआठपर्यंत धीर धरा. कपडे मातकट किंवा हिरवट घाला. पांढरा शर्ट लांबूनच चमकतो. पाणी, टोपी, ओळखपत्र आणि सुटे पैसे सोबत असू द्या.

उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या) आगेमागे दुचाकीने जाणार असाल तर हँडलला मांजा अडवणारी तार बसवून घ्या आणि गळ्याला जाड मफलर गुंडाळा.