कत्ते किवी

नाटकातलं सगळ्यात सुखाचं काम कोणतं, तर प्रॉम्प्टरचं. रंग लावायचा नाही, मुकुट डोक्यावर सांभाळायचा नाही, आणि चूक झालीच तर नाव नटाचं. आमचे आजोबा यात्रेतल्या हौशी नाटकात प्रॉम्प्टिंग करायचे. त्यांचा आवाज नटांपेक्षा खणखणीत होता, त्यामुळे गावाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळायचं. एकदा म्हणे आजोबा शिंकले, तर स्टेजवरचा सेनापतीही शिंकला. हे खरं की घरातल्यांनी रचलेलं, देव जाणे.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत शिकवतो. शाळा सातवीपर्यंत. २०२० च्या मार्चमध्ये कुलूप लागलं तेव्हा जी पोरं पाचवीत होती, ती ६ सप्टेंबर २०२१ ला सातवीत येऊन बसली. मधल्या काळात आम्ही काय नाही केलं! २०२० च्या ऑगस्टमध्ये विद्यागम ही सरकारी योजना आली. मुलांनी शाळेत यायचं नाही, मास्तरांनीच गावात जायचं. देवळाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्याशेजारी, झाडाखाली बसून शिकवलं. ऑक्टोबरात तेही थांबलं. मग फोन. रेंज यायची ती तळ्याच्या बांधावर, म्हणून मी बांधावर उभा आणि पोरं आपापल्या टेकाडावर. घरात फोन एकच, तोही बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत थोडे आठवडे वर्ग भरले, आणि पुन्हा कुलूप.

तर सप्टेंबरातला तो पहिला दिवस. मला वाटलं होतं, कौलं उडतील. दीड वर्षाचा दंगा एका दिवसात बाहेर येणार म्हणून मी घशाला गोळ्या घेऊन गेलो होतो. पोरं मुकाट बसलेली. गणवेश सगळ्यांना आखूड, पँटी घोट्याच्या वर चढलेल्या. मी काहीतरी विचारलं. दुसऱ्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला,

"सर, आवाज येतोय काय?"

माझ्यापासून दोन हातांवर उभा होता तो. मला हसू आलं, पण वर्गात कुणीच हसलं नाही. सगळ्यांना तो प्रश्न अगदी रास्त वाटला होता.

नाटक करायचं मी त्याच दिवशी ठरवलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, अध्यक्षांनी जानेवारीत "औंदा गॅदरिंग करायचं काय न्हाई ओ?" म्हणून टोकलं, तेव्हा मी जागा झालो. गोष्ट निवडली सगळ्यांच्या आजीला येणारी. राजाला गाढवाचे कान असतात. हे ठाऊक फक्त न्हाव्याला. सांगितलंस तर मुंडकं उडवीन म्हणतो राजा, आणि न्हाव्याच्या पोटात ते काही राहत नाही. शेवटी तो रानात जाऊन झाडाला सांगतो. त्या झाडाचा पुढे ढोल होतो आणि ढोल भर दरबारात बोलतो.

तालमीत कळलं की पाठांतर पक्कं आहे, नाटक मात्र नाही. प्रत्येकाला आपली वाक्यं तोंडपाठ. ती म्हणायची आणि खाली बघून गप्प उभं राहायचं. व्हॉइस मेसेज सोडावा तसं: मी माझं पाठवलं, आता तुझं तू बघ. राजाने "काय पाहिलंस?" विचारायच्या आतच न्हावी "काही नाही महाराज" म्हणून मोकळा व्हायचा. राजालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, तो मागाहून निवांत विचारायचा. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं असतं हेच सुटून गेलेलं. त्यात तोंडांवर मास्क, म्हणजे बघणार तरी काय?

दोन आठवडे मी कुणाला एकच पार्ट दिला नाही. आज जो राजा, तो उद्या न्हावी, परवा प्रधान. वही फक्त माझ्याकडे. मग हळूहळू पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आधी चुका पकडायला म्हणून. "ए, असं न्हाई की रे, थांब की, त्याचं संपू दे!" हे वाक्य ज्या दिवशी माझ्याऐवजी पोरांच्या तोंडून आलं, त्या दिवशी मी घरी जाऊन चहा जरा जास्त प्यायलो.

एक मुलगी मात्र पार्टच मागेना. तिचे वडील गोव्यात कामाला होते. टाळेबंदीत घरदार गावी परतलं, तिचं नाव इथल्या पटावर चढलं आणि ती शाळा न बघताच सातवीत आली. बोलली की कोंकणी हेल यायचा आणि मागून खसखस पिकायची. म्हणाली, "सर, मी झाड होते. उभंच राहायचंय न्हवं?" झाडाचाच पुढे ढोल होतो, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. मीही सांगितलं नाही.

ढोलाचं वाक्य काही केल्या जमेना. 'राजाला गाढवाचे कान' हे ढोलाच्या तोंडी बसत नव्हतं, ठेकाच नाही त्याला. आमच्या कन्नडच्या बाई सौंदत्तीकडच्या. दोड्डाट, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, बघत वाढलेल्या, त्यामुळे ताल त्यांच्या हाडात. दारात उभं राहून ऐकत होत्या, म्हणाल्या, "सर, राजन किवी, कत्ते किवी! म्हणून बघा की." कन्नडमध्ये किवी म्हणजे कान, कत्ते म्हणजे गाढव. पोरांनी बाक बडवायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. मराठी नाटकात कन्नड ढोल कशाला, म्हणून गावातल्या एकाने नाक मुरडलं. मी त्यांना सांगितलं, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्याची ठिणगीच मुळी कर्नाटकातून आलेल्या खेळवाल्यांची. आणि संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, त्याच १८४३ मध्ये. ते गृहस्थ "असंल की" म्हणाले. आपल्या भागात याचा अर्थ पटलं नाही असा होतो.

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या शनिवारी खेळ झाला. पडदा म्हणजे बिसीऊटच्या, शाळेतलं दुपारचं जेवण रांधणाऱ्या बायकांनी घरून आणलेली दोन जुनी लुगडी. राजाचे कान पुठ्ठ्याचे, इलॅस्टिकने बांधलेले. त्याच कानांवर मास्कचं इलॅस्टिक, वर मुकुटाची दोरी. बिचाऱ्याचे खरे कान इतके पुढे ओढले गेले होते की पुठ्ठ्याची गरज होती का, असा प्रश्न पडावा. शेवटी बाईंनीच तो मास्क काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

खेळ रंगला. न्हावी रानात आला, झाडापुढे उभा राहिला, तोंड उघडलं आणि पुढे काहीच नाही. ज्या एका वाक्यावर सगळी गोष्ट उभी, तेच गेलं. मी वही डोळ्यांपुढे धरली. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, अक्षर दिसेना. तेवढं एक वाक्य मलाही पाठ असायला हवं होतं, पण माझंही डोकं त्याच्याबरोबर थांबलेलं. आजोबांचा नातू वही हातात घेऊन आंधळा.

राजा त्या वेळी महालात झोपलेला असतो. महाल म्हणजे स्टेजच्या कडेचं बाक. त्याने एक डोळा उघडला. न्हाव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झोपल्या झोपल्याच हलक्या आवाजात म्हणाला,

"राजाला गाढवाचे कान... म्हण की रे."

माईक नेमका त्याच्या उशाशी होता. सगळ्या गावाने ऐकलं. पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्यांदा म्हणाली, "अगं बया, राजालाच ठावं हाय की गे!" आणि मग जे हसू उसळलं, ते पुढची दोन-तीन मिनिटं काही थांबलं नाही. न्हावी हसत होता, प्रधान विंगेतून बाहेर येऊन हसत होता. झाडाने दोन्ही फांद्या खाली टाकल्या आणि पोट धरलं. हसू ओसरल्यावर त्याच झाडाने, अजून ढोल व्हायचं असतानाच, एका दमात ठोकून दिलं, "राजन किवी, कत्ते किवी!" वर्षापूर्वी कन्नडचं एक अक्षर न ऐकलेली पोर. दोन प्रवेश गाळून नाटक थेट दरबारात पोचलं. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

सोमवारी सातवीत भूगोल. मी गोव्याहून आलेल्या त्या मुलीला उठवलं आणि विचारलं, "मलप्रभा कुठं उगम पावते?" नदी आमच्याच तालुक्यातली, पण तिला कुठून ठाऊक असणार! ती छताकडे बघत उभी राहिली. मग तिसऱ्या बाकावरून आलं, "कणकुंबी." लगेच खिडकीजवळून, "कणकुंबी, कणकुंबी." राजाने तर तोंडापुढे वही धरून सांगितलं.

मी डस्टर घेतला आणि फळ्याकडे तोंड करून, कोराच असलेला फळा जरा वेळ पुसत राहिलो.