गाणारा उठेपर्यंत

बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या, गाण्यात गायक लवकर भेटत नाही, आणि मला त्यातलं हेच जास्त आवडतं. १९४० च्या आसपासची एखादी अमेरिकन रेकॉर्ड लावा. आधी सॅक्सोफोनवाले मिळून चाल घोळवतात, ट्रम्पेटवाले मध्येच तोंड घालतात, खालून ट्रम्बोन हुंकार भरतो आणि बऱ्याच वेळाने बाई किंवा बुवा उठतात. थोडं गातात, की पुन्हा बँड. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, त्यात यांचा वाटा एवढाच. कार्यक्रमातही गायिका नटूनथटून स्टेजच्या कडेला खुर्चीवर, पाळी येईपर्यंत हसतमुख बसलेली. लोक आलेले असत नाचायला. आपल्याकडच्या एखाद्या बुवांना असं बसवून दाखवा!

पण त्या बसण्यातही शिक्षण होतं. फ्रँक सिनात्रा हा अमेरिकन गायक १९४० मध्ये टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये आला. डॉर्सी ट्रम्बोनवर लांबच लांब ओळ न तोडता वाजवायचा आणि सिनात्रा मागून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा. कोटसुद्धा हलत नाही, मग हा श्वास घेतो कधी? डॉर्सी ओठांच्या कोपऱ्यातून चोरून घेत होता! सिनात्राने मग पाण्याखाली पोहून दमसास वाढवला. त्याच वर्षीचं ‘आय विल नेव्हर स्माइल अगेन’ ऐका. रूथ लोव या टोरांटोच्या पियानोवादिकेने नवरा गेल्यावर रचलेलं, इतकं संथ की दुसऱ्या कुणी गायलं असतं तर रडगाणं झालं असतं. सिनात्रा दुःख उगाळत बसत नाही. शब्द संपला तरी त्याचा स्वर खाली ठेवत नाही, अलगद पुढच्या शब्दाच्या हाती देतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, म्हणणार नाही मी त्याला, पण तिची चुलतबहीण नक्की.

एला फिट्झजेराल्डची तऱ्हा निराळी. चिक वेब हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला ड्रमर, त्याच्या बँडमध्ये ती गायची. १९३८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिने हरवलेल्या टोपलीचं एक बडबडगीत गाजवलं. त्यात वादक चक्क गाऊन विचारतात, हिरवी होती का? लाल होती का? आणि ती लाडिक वैतागाने नाही-नाही म्हणत राहते. पुढच्याच वर्षी वेब गेला आणि बँड तिच्या नावावर चालू लागला.

मग १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला. गायकांवर बंदी नव्हती, त्यांनी मागे नुसता कोरस घेऊन तबकड्या काढल्या. दोन वर्षांनी सगळं मिटलं तेव्हा गायक पुढे आणि बँड मागे, अशी उलटापालट झाली होती. संगीताचं त्यात थोडं नुकसानच झालं, असं मला वाटतं.

हा बाज आपल्याकडेही पोचला होता. मुंबईत ताजमहाल हॉटेलात गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा. संगीतकार सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात साहाय्यक म्हणून घेतलं. ‘अलबेला’ (१९५१) मधलं ‘शोला जो भडके’ लताबाई आणि चितळकरांचं (म्हणजे खुद्द रामचंद्रांचंच) म्हणून सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र ते हल्ली दोन कडव्यांमधल्या वाद्यांसाठीच लावतो. घरचे तेवढ्यात बोलायला लागले, की चिडतो.